पाकीट का दिलं नाही

चि. बाळास,

परवा गर्दी ओसरेपर्यंत तू काउंटरच्या टोकाला थांबलास आणि हळूच म्हणालास, "काका, अल्प्राझोलामचं एक पाकीट द्या, चिठ्ठी नाहीये." चिंतेवर, झोपेसाठी देतात ती ही गोळी. मी नाही म्हटल्यावर तुझं तोंड उतरलं. चारचौघांत बोलता येईना, म्हणून लिहितोय.

पाकिटावर लाल अक्षरांत 'एनआरएक्स' असतं ना, ती खूण अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्याची. शिवाय औषध एच-१ यादीतलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही असं. डॉक्टर, पेशंट, किती गोळ्या, सगळं रजिस्टरात उतरवून ३ वर्षं जपतो मी. चिठ्ठीवर घेतलंस तर तुला कोणी विचारणार नाही. बिनचिठ्ठीचं खिशात सापडलं तर थोडक्या गोळ्यांनाही वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. १०० ग्रॅमच्या वर गेलं की किमान १० वर्षं. आणि वजन नुसत्या औषधाचं नाही, अख्ख्या गोळीचं धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तेच कायम केलं. अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी तराजूत कितीतरी पट भरते! मालेगावकडे हिलाच 'कुत्ता गोळी' म्हणून विकतात.

पण माझ्या डोक्यात कायदा नाही, तुझं दुसरं वाक्य आहे. "आधी अर्धीत झोप यायची, आता दोन लागतात." काही आठवडे रोज घेतली की मेंदू तिच्यावर रेलतो, मग तेवढीच गोळी पुरत नाही. वर दारू घेतलीस तर दोन्ही मिळून श्वास मंद करतात. झोपेत माणूस जातो आणि शेजारच्या कॉटवरच्याला वाटतं, घोरतोय. रात्री कोणाला फोन केला ते सकाळी आठवत नाही, हेही तिचंच काम.

आता नीट वाच. घाबरून आजच्या आज बंद करू नकोस. रोजची गोळी एकदम तोडली की हातपाय थरथरतात, झोप उडते, भास होतात, काहींना आकडी येते. ती आकडी जीवही घेऊ शकते. डोस डॉक्टरच्या हाताखाली, टप्प्याटप्प्याने उतरवायचा असतो. त्याला महिनेही लागतात.

पोलिसांची भीती असेल तर त्याच कायद्याचं कलम ६४-अ बघ. स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेलेल्या व्यसनी माणसाला थोड्या गोळ्यांच्या खटल्यातून त्यात सूट आहे. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. तोंडाने सांगायला जड जात असेल तर व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनला, १४४४६ला फोन कर, नाव सांगायची गरज नाही.

रविवारी दुपारी दुकान बंद असतं. मागच्या दाराने ये. दिवसाला किती घेतोस ते कागदावर खरं लिहून आण, सोमवारी डॉक्टरांकडे मी बरोबर येईन. आईला काय सांगायचं ते नंतर बघू.

तुझा,
मेडिकलवाले काका