तीन भोकांचं गॅस्केट, चार सिलिंडरची झेन

यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच प्रकारची आहेत. गाडी जुनी आहे, रविवारी घरीच काम करतो, पार्ट इथे मिळेना म्हणून बाहेरून मागवला आणि आता अडकलोय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून पाच पत्रं घेतली. पहिलं जरा मोठं घेतलंय कारण त्यातली चूक भल्याभल्यांकडून होते आणि पैसे जातातच, पण गाडी दोन-दोन महिने उघडी पडून राहते ते जास्त वाईट.

प्रश्न: नमस्कार दादा. आमच्याकडे बाबांची १९९७ची मारुती झेन आहे, कार्बोरेटरवाली. बाबा गेले तेव्हा आई आणि मी ठरवलं की गाडी विकायची नाही. मे महिन्यात पामबीच रोडला गाडी गरम झाली, काटा पूर्ण वर, घरी आणली तर ऑइलची काडी दुधाळ. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील करणारी पातळ चकती) उडालंय असं मेकॅनिक म्हणाला. मी मेकॅनिकल डिप्लोमा केलाय म्हणून म्हटलं स्वतः करू. अमेरिकेतल्या मावसभावाकडून सुझुकी जी१०, ९९३ सीसी असं स्पष्ट लिहिलेला गॅस्केट सेट मागवला, आणि पार्सल उघडलं तर हेड गॅस्केटला तीनच भोकं! आमच्या इंजिनाला चार सिलिंडर आहेत. दुकानदाराने फसवलं का? परत पाठवायचा खर्च सेटच्या किमतीपेक्षा जास्त येतोय. – एक वाचक, नेरूळ

उत्तर: ताई, फसवलं कुणी नाही. सुझुकीने जी१० या नावाखाली दोन वेगळी इंजिनं काढली आणि दोन्ही ९९३ सीसीची, गोंधळ तिथेच होतो. अमेरिकेत जिओ मेट्रो नावाने जी गाडी विकली गेली तिचं इंजिन तीन सिलिंडरचं, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास ७४ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७७. आपल्या झेनचं जी१०बी चार सिलिंडरचं, बोअर ७२, स्ट्रोक ६१. कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून बघा, दोन्हीकडे ९९३च येतं. त्यामुळे नाव आणि सीसी जुळले की पार्ट जुळला असं धरायचं नाही, सिलिंडर किती आणि बोअर किती हे विचारायचंच.

अमेरिकेत झेन कधी विकलीच गेली नाही, पण युरोपात गेली. १९९४ पासून हीच झेन गुरगावहून युरोपला सुझुकी आल्टो नावाने जात होती, त्यामुळे बाहेर शोधायचं असेल तर युरोपमधली त्या काळातली आल्टो १.० शोधा, ती तुमचीच गाडी. आपल्या नंतरच्या आल्टोशी गल्लत करू नका, ती वेगळी. जपानमधून मागवणारे अजून एका ठिकाणी फसतात. झेनची बॉडी ज्या सर्वो मोडवरून आली ती जपानची छोट्या वर्गातली गाडी, तिचं इंजिन ६६० सीसीच्या आतलं. तिकडून बॉडीचं एखादं रबर, एखादी पट्टी जुळेल, इंजिनाचं काहीही मागवू नका.

आणि खरं सांगू का, या कामाला परदेशात जायची गरजच नव्हती. झेनचे गॅस्केट सेट इथे अजून मिळतात, आधी ऑपेरा हाऊसच्या स्पेअरपार्टच्या दुकानांत आणि मग कुर्ल्याला सीएसटी रोडला एक चक्कर मारा. जाताना जुनं गॅस्केट पिशवीत घालून न्या, आणि घरी एका पांढऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलने त्याची पूर्ण बाहेरची रेघ, पाण्याची भोकं, बोल्टची भोकं सगळं काढून घ्या, बोअरचं माप व्हर्नियरने घेऊन त्याच कागदावर लिहा. हा कागद जपून ठेवा, पुढे कधी बाहेरून काही मागवायची वेळ आली तर बाजूला पट्टी ठेवून याचाच फोटो पाठवायचा.

पण नुसतं गॅस्केट बदलून गाडी जोडू नका. ते उडालं कशामुळे? झेनचं इंजिन पूर्ण ॲल्युमिनियमचं आहे, एकदा नीट गरम झालं की हेड वाकतं. हेड उतरवलं की खालची बाजू एकदम साफ करा, स्क्रॅपरने ओरखडे पाडायचे नाहीत, मग स्टीलची सरळ पट्टी उभी धरून लांबीला, रुंदीला आणि दोन्ही तिरक्या रेषांवर ठेवा आणि खालून फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या जुडीतलं) ०.०५ मिलिमीटरचं पातं घालून बघा. कुठेही आत सरकलं तर हेड वाकलंय, वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या एमआयडीसीत चांगल्या मशिनवाल्याकडे प्लेन करून घ्या, आणि कमीत कमी काढायला सांगा, कारण जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि मग नॉकिंग, म्हणजे इंजिनात ठोके, सुरू. तिथेच हेडला क्रॅक आहे का तेही प्रेशरवर तपासून घ्या. मग थर्मोस्टॅट बघा. आपल्याकडे कित्येक मेकॅनिक तो काढूनच टाकतात, मुंबईत थंडी कुठे असं म्हणून, पण इंजिन ठरलेल्या तापमानावर चालावं म्हणूनच तो दिलेला असतो, नसेल तर नवीन बसवा. रेडिएटर आतून भरलाय का, त्याचं झाकण प्रेशर धरतं का, पंख्याचा स्विच वेळेवर लागतो का, हे पण. आणि नळाचं पाणी कायमचं बंद, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. ॲल्युमिनियमला नळाच्या पाण्याने आतून जी पांढरी पावडर धरते ना, तुमच्या हेडच्या पाण्याच्या भोकांत ती दिसेल, नखाने खरवडून बघा.

हेड बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आणि मॅन्युअलमधल्या आकड्यानेच आवळायचे, हाताच्या अंदाजाने अजिबात नाही. टायमिंग बेल्ट उतरलाच आहे तर बेल्ट आणि टेन्शनर नवीनच टाका. ऑइल दुधाळ झालं होतं म्हणजे त्यात पाणी मिसळलं होतं, म्हणून पहिलं ऑइल आणि फिल्टर दोनशे-तीनशे किलोमीटरवर पुन्हा बदला. तीन भोकांचा सेट मात्र ठेवून द्या, त्यातले व्हॉल्व्ह सील मापाला जुळतायत का बघा, जुळले तर तेवढे तरी वसूल.

बाबांची गाडी तुम्ही स्वतःच्या हाताने उघडताय याचं मला मनापासून बरं वाटलं. गाडी सुरू झाली की कळवा.

प्रश्न: माझ्याकडे प्रीमियर ११८एनई आहे. हल्ली सकाळी बोनेट उघडलं की पेट्रोलचा वास येतो, पाइप हाताला चिकट लागतो. सगळे म्हणतात नवीन पेट्रोलमुळे. इम्पोर्टेड पाइप लावला तर फरक पडेल का? या गाडीचे इंजिनाचे पार्ट कुठे शोधायचे? – एक वाचक, कळवा

उत्तर: आधी एक, त्या पाइपवर गाडी चालवू नका, आजपासून. चिकट झालेला पेट्रोल पाइप म्हणजे रबर विरघळायला लागलंय आणि खाली गरम मॅनिफोल्ड आहे, यात थोडे दिवस बघू असं काही नसतं.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी तुमच्या गाडीचं रबर बनलेलंच नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. खाडीकाठची आपली हवा आणि चार महिने पाऊस, गाडी उभी राहिली की टाकीत तळाला पाणी साचतं आणि कार्बोरेटरच्या वाटीत पांढरट थर येतो. पाइप घेताना देश बघू नका, पाइपवर काय छापलंय ते वाचा. एसएई जे३०आर९ असं छापलेलं हवं, त्याला आतून फ्लोरोइलॅस्टोमरचं अस्तर असतं, मेकॅनिक लोक त्याला व्हिटॉन म्हणतात. जे३०आर७ स्वस्त आहे, दिसायला डिट्टो तसाच, पण तो यासाठी नाही. मी स्वतः एकदा छपाई बघून एका दुकानातून घेतला आणि ब्लेडने कापला तर आत अस्तरच नव्हतं, तेव्हापासून दुकानातच टोक कापून बघतो, आत वेगळा पातळ थर दिसला तरच पैसे देतो. टाकीपासून पंपापर्यंत, पंपापासून कार्बोरेटरपर्यंत, रिटर्न असेल तर तो, सगळे एकदमच बदला, क्लिपसकट. पंपाचा डायफ्राम आणि कार्बोरेटर किट पण. त्यात इथेनॉलमुळे मिक्श्चर पातळ होतं, त्यामुळे गाडी उचल घेताना अडखळत असेल तर मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छोटं भोक) एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग बघा, पांढरा असेल तर अजून पातळ आहे, फिकट विटकरी आला की थांबा.

पार्टचं म्हणाल तर तुमच्या गाडीला दोन माहेरं आहेत. बॉडी फियाट १२४ची आणि इंजिन निस्सानचं ए१२, ११७१ सीसी. म्हणजे इंजिनाचं काही हवं असेल तर प्रीमियर नावाने शोधून उपयोग नाही, डॅटसन १२०० नावाने शोधा, ऑस्ट्रेलियात त्या गाडीचे वेडे लोक अजून भरपूर आहेत आणि पार्ट मिळतात. पण वरची जोडणी, मॅनिफोल्ड वगैरे, सॅम्पल समोर ठेवून मापल्याशिवाय मागवू नका.

प्रश्न: दादा, माझी १९९८ची जिप्सी किंग आहे, एमएच-०४ पासिंग. ऑस्ट्रेलियातून दोन इंची लिफ्ट किट (गाडी उंच करायचं), २३५/७५ आर१५ टायर (आता २०५/७० आहेत) आणि हेडलाइटला एलईडी बल्ब घ्यायचा प्लॅन आहे. सध्या घोडबंदरला साठ-सत्तरच्या पुढे गेलो की स्टिअरिंग जोरात थरथरतं, मोठे टायर लावले की जाईल ना? – एक वाचक, कासारवडवली

उत्तर: मित्रा, जाणार नाही, वाढेल. मोठं आणि जड चाक लावलं की तो झटका अजून जोरात येतो. आधी पुढचा ॲक्सल जॅकवर घे, खाली जॅक स्टँड लाव, नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही. चाक वर-खाली धरून हलव. खडखड आली तर आधी व्हील बेअरिंग, मग किंगपिनचे बेअरिंग (किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती खुंटी). जिप्सीचं हे दुखणं जुनंच आहे. चाक आणि टाय रॉड सुटे करून नकल (चाक धरणारा वळणारा भाग) स्प्रिंग काट्याने ओढून बघायचं, किती वजनाला फिरायला लागतं ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळव, फारच हलकं फिरत असेल तर किंगपिनखालची शिम (पातळ चकती) कमी केली की बसतं. ते बेअरिंग घ्यायला ऑस्ट्रेलिया नको, बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो वाचून बेअरिंगवाल्याकडे जा. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) आणि शॅकलचे बुश मात्र बाहेरचे पॉलियुरेथेनचे छान येतात, तिकडे ही गाडी सिएरा नावाने ओळखतात. फक्त मूळ पाट्याच्या डोळ्याचा आतला व्यास आणि रुंदी मोजून मागव, आणि बसवताना त्यांच्याबरोबर येणारं ग्रीसच वापर, नाहीतर प्रत्येक स्पीडब्रेकरला कुरकुर.

टायरचा हिशोब बघ. २०५/७० चा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर, २३५/७५ चा ७३३. जवळपास दहा टक्के मोठा, म्हणजे मीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी सहासष्टला असेल, आणि ब्रेक तेच जुने. आणि लिफ्टचं तर स्पष्टच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ च्या जानेवारीतला सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्हींचा अर्थ एकच, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत. तुझी गाडी १५ वर्षांच्या पुढची आहे, दर पाच वर्षांनी आरटीओत रिपासिंगला उभी करावी लागते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. त्यात लिफ्टने प्रॉपेलर शाफ्टचा आणि स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकचा कोन बिघडतो, ब्रेकचे होज ताणले जातात. मी लावू नको म्हणेन. त्याच पैशात पाटे नीट करून घे, चारही शॉकअब घे, गाडी झोपली असेल तर तिची मूळ उंची परत मिळेल आणि तीच एक-दीड इंच असते कधी कधी.

एलईडी बल्ब नको. तो रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो, प्रकाश सगळा फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. रिले टाकून जाड वायरिंग कर, जुने हॅलोजनच दुप्पट वाटतील.

प्रश्न: दुबईच्या भावाने पार्टवर गिफ्ट लिहून पाठवलं तर कस्टम ड्युटी वाचेल का? – एक वाचक, खारघर

उत्तर: नाही. पोस्टाने किंवा कुरियरने गिफ्ट म्हणून ड्युटीशिवाय वस्तू मागवायची सोय डिसेंबर २०१९ मधे बंद झाली, राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. शिवाय ड्युटी नुसत्या पार्टच्या किमतीवर नसते, किंमत अधिक भाडं अधिक विमा या बेरजेवर असते आणि जीएसटी त्या ड्युटीसकट झालेल्या रकमेवर. म्हणून पत्र्याचे जड पार्ट मागवायच्या आधी भाडं विचारा. मी स्वतः मागवताना किंमत आणि भाड्याच्या बेरजेच्या निम्मे पैसे अजून बाजूला ठेवतो. बिल खरं लावा, कुरियरवाला केवायसी मागतो तेव्हा कागद तयार ठेवा.

प्रश्न: १९९९ची होंडा सिटी. भावाने परदेशातून डॉट ५ ब्रेक ऑइल आणलंय, डॉट ४ पेक्षा भारी म्हणून. आहे त्यात टॉपअप करू का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर: करू नका, झाकण पण उघडू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ग्लायकॉलचं, सिलिकॉन त्यात मिसळत नाही. नंबर मोठा म्हणजे चांगलं असं इथे नाहीये. तुमच्या रिझर्व्हॉयरच्या झाकणावर जे लिहिलंय तेच वापरा. ग्लायकॉलचं ऑइल हवेतलं पाणी शोषतं, नवं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं पण पाणी मुरलेलं १५५ अंशांपर्यंत खाली येतं, माळशेज उतरताना पेडल खाली जातं ते यामुळेच. म्हणून दर दोन वर्षांनी, शक्यतो पाऊस संपल्यावर, पूर्ण बदला. मागच्या उजव्या चाकापासून की पुढच्या डाव्यापासून ब्लीड करायचं (जुनं ऑइल आणि हवा काढायची) ते गाडीप्रमाणे बदलतं, मॅन्युअलमधला क्रम धरा. भावाने आणलेली बाटली सीलबंद असेल तर परत करून टाका.