वॉर्डरोबमध्ये मोटरवर खाली येणारा कपड्यांचा रॉड घ्यायचाय. शोरूममध्ये नेमकं काय तपासू?

रिकामा रॉड सगळ्यांचाच सुरळीत चालतो. भरलेला चालवून दाखवायला सांगा: क्षमतेइतकं वजन, तेही एका टोकाला सरकवून. रॉड तिरका झाला की मॉडेल बाद. भरजरी साड्या डझनभर झाल्या तरी वजन दहा किलोच्या आसपास जातं.

खाली येताना वाटेत पुठ्ठ्याचा खोका धरा (हात नको). रॉड लगेच थांबायला हवा. वीज गेल्यावर हाताने उतरतो का? काही रॉड बटण दाबून धरलं तरच चालतात, सोडलं की थांबतात; कंटाळवाणं, पण लहान मुलांच्या घरात तेच बरं.

घरी खरी गोची होते ती जागेची. 24 इंची कपाटाला सरकते दरवाजे लावले की आत जेमतेम 20 इंच उरतात आणि बाह्या दाराला घासतात. मोटरला वीज देणारा अ‍ॅडॉप्टर कपाटामागे गाडू नका, बदलायला अख्खं कपाट हलवावं लागेल.