ॲरिझोनाच्या वाळवंटात सोनं आणि दगड शोधायला जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फीनिक्सजवळच्या चँडलरहून दोन कुटुंबं, सात ते बारा वयाची मुलं, जानेवारीतला लाँग वीकेंड. वाळवंटात सोनं शोधायचंय, दगड गोळा करायचेत. कुठे जावं, मेटल डिटेक्टर घ्यावा का, आणि जे सापडेल ते घरी आणता येतं का? शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याच्या उत्तरावरच जागा ठरते.

इथली वाळवंटी जमीन दिसायला सगळी सारखी, पण मालक वेगवेगळे. हौशी मंडळी जातात ती बहुतेक ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, म्हणजे बीएलएमची, केंद्र सरकारी जमीन. तिथे स्वतःच्या संग्रहासाठी बेताने दगड-स्फटिक उचलायला परवाना लागत नाही. अश्मीभूत लाकडाला मात्र मर्यादा आहे: माणशी दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा, वर्षाला जास्तीत जास्त २५० पौंड. फावडं, चाळणी, पॅन (सोनं धुवायची पसरट थाळी) अशा हातातल्या अवजारांनी सोनं शोधणंही चालतं. दगड, स्फटिक आणि अश्मीभूत लाकूड विकण्यासाठी नव्हे, हे लक्षात ठेवा. नॅशनल पार्कात तर खडासुद्धा उचलायचा नाही. स्टेट ट्रस्ट लँड ही राज्याची वेगळी जमीन, तिचे नियम वेगळे. आणि कोलोरॅडो नदीकाठी कोलोरॅडो रिव्हर इंडियन ट्राइब्ज या मूळ अमेरिकन जमातींचं राखीव क्षेत्र आहे, तिथे त्यांच्या परवानगीशिवाय काहीच करायचं नाही.

आता बीएलएमच्या जमिनीवरची खरी अडचण. अमेरिकेत १८७२ सालचा खाणकायदा अजून लागू आहे. त्यानुसार सरकारी जमिनीतल्या खनिजावर खासगी माणूस हक्क नोंदवू शकतो. वाळूगोट्यांतल्या सोन्यासाठीचा प्लेसर क्लेम एका माणसाला २० एकरांपर्यंतचा असतो. अशा क्लेमवरून तुम्ही चालत जाऊ शकता, पण तिथलं सोनं उचललंत तर ती सरळ चोरी. क्लेमच्या कोपऱ्यांवर खांब किंवा दगडांची रास असते. कधी एखाद्या बरणीत कागद ठेवलेला असतो. पण खांब पडतात, रास विस्कटते, आणि क्लेम मात्र चालूच असतो. म्हणून जाण्याआधी बीएलएमच्या संकेतस्थळावर नकाशा उघडून ती जागा तपासायची, शंका वाटली तर काउंटीच्या नोंदी बघायच्या. सोन्यासाठी नावाजलेल्या जवळजवळ प्रत्येक घळीवर कुणाचा ना कुणाचा क्लेम असतोच. तेव्हा माझं स्पष्ट मत: पहिल्या वेळी एखाद्या प्रॉस्पेक्टिंग क्लबचे, म्हणजे सोनं शोधणाऱ्या हौशी लोकांच्या मंडळाचे, सभासद व्हा. फीनिक्सच्या आसपास असे क्लब आहेत, त्यांच्या स्वतःच्या मालकीचे क्लेम आहेत, आणि तिथली म्हातारी मंडळी मुलांना शेजारी बसवून आनंदाने शिकवतात. डिटेक्टरपेक्षा हे पैसे कितीतरी चांगले लागतील.

जागेचं म्हणाल तर आय-टेन हायवेने सरळ पश्चिमेला निघा. पहिला थांबा टोनोपाहजवळचा सॅडल माउंटन. फीनिक्स सोडलं की तासाभराचा रस्ता. इथे सोनं नाही, पण मुलांसाठी याच्याइतकी चांगली सुरुवात नाही, कारण इथे खणावंच लागत नाही. डोंगराच्या पायथ्याच्या सपाट माळावर काळपट खड्यांमध्ये पांढरे, दुधी कॅल्सेडनीचे, म्हणजे गारेच्याच (क्वार्ट्झच्या) एका प्रकाराचे, तुकडे पडलेले असतात. काही अगदी पाकळ्यांसारखे वळलेले, त्यांना इथे 'रोझ' म्हणतात. सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर, ऊन तिरपं असताना, सूर्याकडे तोंड करून चाला. कॅल्सेडनीच्या कडेतून उजेड आरपार येतो, बाकीचे दगड काळेच राहतात. डोक्यावरच्या उन्हात हा फरक दिसत नाही.

तपकिरी, द्राक्षाच्या घोसासारखे फुगीर तुकडे मिळाले तर वेगळे ठेवा. स्प्रेच्या बाटलीने पाणी मारून उन्हात फिरवा. आतून हिरवा-तांबडा रंग हलल्यासारखा दिसला तर तो फायर ॲगेट. लोहाच्या खनिजाचे अतिशय पातळ थर आणि सिलिका (गार जिची बनते ते द्रव्य) एकावर एक बसलेले असतात, त्यातून प्रकाश परतताना हे रंग उमटतात.

सह्याद्रीत वाढलेल्या कुणालाही हे दगड ओळखीचे वाटतील. लाव्हा थंड होताना त्यात पोकळ्या राहतात आणि पुढे सिलिका मिसळलेलं पाणी झिरपून त्या भरते. आपल्या दख्खनच्या पठारातले अकीक आणि गारगोट्या अशाच तयार झाल्या, इथलं कॅल्सेडनीही ज्वालामुखीच्या खडकातलंच. सुट्टीत नाशिकला गेलात तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय मुलांना नक्की दाखवा. इथे स्वतः उचललेला दगड हातात असेल तर ते बघण्याची मजा वेगळीच.

मुक्कामाला क्वार्टझाइट. फीनिक्सपासून सव्वाशे मैल. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे दगडांचे आणि रत्नांचे मोठे बाजार भरतात, गाव आरव्ही गाड्यांनी (आत राहण्याची सोय असलेल्या) भरून जातं, मोटेल मिळणं कठीण. तंबू असेल तर बीएलएमच्या मोकळ्या जागेत चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. शेगडी, पाणी, कचऱ्याच्या पिशव्या सगळं आपलं आपण न्यायचं. दिवसा स्वेटर लागणार नाही, पण रात्री चांगलीच थंडी पडते, मुलांसाठी जाड स्लीपिंग बॅग हवीच. गावच्या कबरस्तानात दगडी पिरॅमिडवर उंटाची आकृती बसवलेली एक समाधी आहे, तीही बघा. १८५६च्या सुमारास अमेरिकन लष्कराने वाळवंटात सामान वाहण्यासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला उंटवाला हाजी अली इथे 'हाय जॉली' म्हणून ओळखला गेला आणि १९०२ साली इथेच वारला. त्याआधी तोही सोनं शोधत फिरला होता.

गावापासून दक्षिणेला हायवे ९५ने गेलं की कोफा वन्यजीव अभयारण्यात क्रिस्टल हिल लागते. अभयारण्य असलं तरी या टेकडीपुरतं गारेचे स्फटिक उचलायला मुभा आहे: बारा महिन्यांत दहा नमुने किंवा दहा पौंड, जे आधी भरेल ते. फक्त पृष्ठभागावरचं उचलायचं, खणायचं नाही, डिटेक्टर चालत नाही. आधीच्या लोकांनी टेकडी बरीच वेचून नेली आहे, तेव्हा मोठ्या स्फटिकाची आशा नको. करंगळीच्या नखाएवढे स्वच्छ टोकदार स्फटिक मात्र मिळतात आणि मुलांना तेवढे पुरतात. जमिनीत अर्धवट रुतलेली धातूची वस्तू दिसली तर हात लावू नका. शेजारी युमा प्रूव्हिंग ग्राउंड हे लष्कराचं शस्त्रचाचणीचं मैदान आहे, ती वस्तू न फुटलेला दारूगोळा असू शकते.

आता सोनं. या भागात कोलोरॅडोच्या काठी ला पाझला १८६२ साली सोनं सापडलं आणि काही महिन्यांत गाव उभं राहिलं. पुढच्याच वर्षी विकेनबर्ग गावाच्या उत्तरेला रिच हिलवर डोंगरमाथ्यावर नुसत्या हाताने वेचण्याजोगे गोळे मिळाले. ते वरचं सोनं तेव्हाच संपलं. आज उरलंय ते बारीक, आणि ते शोधायचं तर जमीन वाचावी लागते. माझ्या मते या छंदातला सगळ्यात सुंदर भाग हाच.

वाळवंटातली घळ वर्षभर कोरडी असते आणि एखाद्या दिवशी तिला लोंढा येतो. सोन्याचं विशिष्ट गुरुत्व १९.३, गारेचं २.६५. म्हणजे एवढ्याच आकाराच्या गारेपेक्षा सोनं सातपटीहून जड. लोंढा सगळंच उचलतो, पण वेग जिथे मंदावतो तिथे सोनं आधी खाली बसतं: वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या मागे, घळ अरुंदातून रुंद होते तिथे. बसलं की ते वाळूतून खाली खाली सरकत जातं, घट्ट थर लागेपर्यंत. तो थर कधी मूळ खडक असतो, पण इथे बहुतेकदा कॅलिची, म्हणजे चुन्याने सिमेंटसारखी घट्ट झालेली माती. वरची मऊ वाळू कितीही उपसली तरी त्यात काही नसतं. कॅलिचीच्या लगेच वरचा चार बोटं थर आणि तिच्या भेगांतला गाळ, एवढंच महत्त्वाचं. तो जुन्या ब्रशने झाडून, चमच्याने खरवडून घ्या. आजच्या तळापेक्षा पाच-दहा फूट उंच, काठाला जुन्या गोट्यांचा पट्टा दिसला तर तोही तपासा, कधीकाळी पाणी त्या उंचीवरून वाहत होतं.

पाणी नसल्यामुळे इथले लोक ड्रायवॉशर वापरतात, म्हणजे भात्याच्या हवेने माती पाखडणारं यंत्र. तुम्ही ते या वेळी टाळा. इथल्या मातीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी असते, तिच्या धुळीतून व्हॅली फीव्हर होतो. देशात या आजाराचे बहुतेक रुग्ण ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातलेच. खणताना, चाळताना वारा जिकडून येतो तिकडे पाठ आणि तोंडाला एन-९५ मास्क, लहानांनाही. एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, कमालीचा थकवा आला तर डॉक्टरांना वाळवंटात गेलो होतो हे आवर्जून सांगा.

त्यापेक्षा पाव इंची जाळीतून माती चाळा, दोन बादल्या भरा आणि घरी आणून धुवा. चाळणीवर राहिलेले खडे फेकण्याआधी नजरेखालून घाला आणि खणलेला खड्डा बुजवा. घरी मोठ्या टबात पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. नाहीतर अगदी बारीक सोनं पाण्यावर तरंगून निघून जातं. चौदा इंची प्लास्टिकचा पॅन पाण्याखाली धरून जोरात हलवा म्हणजे जड ते तळाशी बसेल, मग पॅन तिरका करून वरची वाळू हळूहळू वाहू द्या. पुन्हा हलवा, पुन्हा वाहू द्या. सराफकट्ट्यातली माती धुऊन सोनं काढणारे आपल्याकडचे झारेकरी हेच करतात. शेवटी काळी वाळू उरते, ती बरीचशी मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहाचं खनिज. सुकवून, लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवा, बराचसा भाग उचलला जाईल.

पिवळं चमकलं की मुलं ओरडतात, तेव्हा पॅनवर स्वतःची सावली पाडायला सांगा. अभ्रक सावलीत विझतं, सोनं तसंच पिवळं राहतं. टाचणीने दाबलं तर अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, पायराइटचा (सोन्यासारखं दिसणाऱ्या खनिजाचा) चुरा होतो, सोन्याला नुसता खोलगट ठसा उमटतो. दोन बादल्यांत दोन-चार कण मिळाले तरी खूश व्हा.

मेटल डिटेक्टर अजून घेऊ नका. सोन्याचे चांगले डिटेक्टर महाग असतात, आणि घळीत आवाज येतो तो बहुतेक वेळा गोळीच्या पुंगळीचा, खिळ्याचा किंवा लोहयुक्त दगडाचा. क्लबमध्ये कुणाचा तरी हातात घेऊन बघा, मग ठरवा.

काही गोष्टी मुलांना गाडीतच सांगून ठेवा. जुन्या खाणीच्या तोंडाशीही जायचं नाही. आत अंधारात सरळ खाली जाणारी विहीर असू शकते, हवा विषारी असू शकते. दगड उलटताना आधी काठी, मग हात. बाणांची दगडी टोकं, खापराचे तुकडे दिसले तर फोटो काढून तिथेच ठेवायचे, सरकारी जमिनीवरच्या पुरातन वस्तू कायद्याने संरक्षित आहेत. कासव दिसलं तर उचलायचं नाही. घाबरलं की ते साठवलेलं पाणी सोडून देतं आणि पुढे पाण्यावाचून मरू शकतं. चोया निवडुंगाचा गोळा पायाला चिकटला तर हाताने ओढू नका, मोठ्या दातांचा कंगवा खाली सरकवून झटक्यात उडवा. कंगवा खिशात हवा, गाडीत नको. माणशी दिवसाला किमान एक गॅलन पाणी, नकाशे आधी डाउनलोड केलेले, आणि कुठे जातोय, कधी परतणार हे घरी कुणालातरी लिहून दिलेलं. बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नसते.

दगड कागदात गुंडाळतानाच जागा आणि तारीख लिहा, घरी आल्यावर आठवत नाही. आणि चुंबक फिरवून उरलेली काळी वाळू फेकू नका. बाटलीत भरून ठेवा आणि हात बसला की पुन्हा धुवा; पहिल्या वेळी निसटलेलं बारीक सोनं बरेचदा तिच्यातच असतं.