ताई, आधी त्याला पडायला शिकवा

ताई, वाचलं तुमचं. बारा वर्षांचं पोरगं, विट्याकडच्या यात्रेतल्या कुस्तीत समोरच्यानं ढाक मारली, म्हणजे आपटायचा डाव टाकला, ते खांद्यावर आपटलं नि कॉलरबोन मोडलं. आता तीन महिने झाले, डॉक्टर म्हणतात हाड जुळलंय, खेळू दे. पण पोरगं तालमीत जातंय, जोर-बैठका मारतंय आणि लढत लागायची वेळ आली की पोटात दुखतंय म्हणून कडंला बसतंय, आणि घरात बाबा म्हणतात की पैलवानाच्या पोटी असलं भित्रं कसं निपजलं. ही भीती कशी घालवायची, हे तुम्ही विचारलंय.

मी सांगलीत तालमीत राहून खेळलोय, आता तासगावकडं गावातल्या पोरांना सकाळचं बघतो. माझं स्वतःचं कोपर चौदाव्या वर्षी निखळलेलं. परत आलो तेव्हा भीती मोडायची म्हणून मला पहिल्याच दिवशी माझ्यापेक्षा दहा-बारा किलो जास्त वजनाच्या पोराबरोबर लावलं, त्यानं उचलून टाकला आणि त्यानंतर वर्षभर मी नुसता मागंमागं सरकत कुस्ती केली. तेव्हा ते करू नका.

पहिलं म्हणजे त्याला नेमकी कशाची भीती वाटतीय ते काढून घ्या. समोर बसवून नको, गाडीवर मागं बसला असताना विचारा, पोरं तेव्हा बोलतात. आमच्याकडं एक पोरगं होतं, त्यालाही कॉलरबोनच, ते सारखं खांद्याजवळ बोट फिरवायचं. हाड जुळताना तिथं गाठ येते, लहान पोरांची ती कमी व्हायला कित्येक महिने जातात, आणि याला वाटायचं हाड अजून तसंच मोडलेलं आहे. डॉक्टरांनी एक्स-रे त्याच्या हातात देऊन दाखवला तेव्हा कुठं निम्मी भीती गेली. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं असेल, त्याला सांगितलंय का? आणि रात्री दुखत असेल, हात डोक्यावर पूर्ण जात नसेल, मुंग्या येत असतील तर ती भीती नव्हं, परत दवाखान्यात न्या. चोळून देणाऱ्याकडं अजिबात नको.

आता तालमीतलं. बहुतेक पोरांना डाव शिकवतात, पडायचं कसं हे कुणी शिकवत नाही, ते आपटून आपटून येतंय म्हणतात. पडताना हात टेकवला की सगळा भार मनगट, कोपर नाहीतर कॉलरबोनवर येतो, आणि घाबरलेलं पोरगं हात टेकवतंच. म्हणून वस्तादांना सांगून पंधरा दिवस लढत बंद ठेवा, नुसतं पडणं. आखाड्याच्या हौदातली माती खोदून मऊ करायची, हनुवटी छातीला लावायची आणि गडगडायचं, आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्यानं, मग कुणीतरी हलकं ढकलायचं. पाठ नि खांद्याचा मागचा भाग आधी लागला पाहिजे, हात अंगाशी. पोरांना हे खेळासारखं वाटतं, हसत करतात.

मग एक बारका, समजूतदार जोडीदार द्या आणि आधी ह्यानं त्याच्यावर ढाक मारायची. हे महत्त्वाचं आहे, ज्या डावानं मोडलं तो डाव स्वतःच्या हातात आला की त्याचा बाऊ राहत नाही. नंतर उलटं, पण गुडघ्यावर बसून, हळू, आणि जोडीदारानं पडेपर्यंत त्याचा हात धरून ठेवायचा. 'थांब' म्हटलं की सोडायचं, तिथल्या तिथं. आज किती वेळा, ते पोरगं ठरवणार. आमच्या त्या पोरानं पहिल्या दिवशी दोन सांगितलं, महिन्याभरात मोजायचंच विसरलं.

अर्धवट पट काढायला, म्हणजे वाकून समोरच्याचे पाय धरायला, मात्र देऊ नका. भीत भीत गेलेलं पोरगं डोकं खाली घालतं, मधेच थांबतं, समोरचा वरनं अंग टाकतो आणि दुखापत तिथंच होते. जायचं तर पूर्ण, नाहीतर आज नको म्हणायचं. आणि यंदाच्या यात्रेत इनामाची कुस्ती लावू नका, शंभर रुपड्यांसाठी कशाला.

अजून एक, ऑलिम्पिक पदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांच्या, वेटलिफ्टर संकेत सरगरच्या गोष्टी आत्ता नकोत. आपल्या सांगलीच्या संकेतनं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कोपर दुखावलं तरी शेवटच्या प्रयत्नाला उभं राहून ५५ किलोत रौप्य आणलं, सोनं एका किलोनं गेलं, ऐकताना आपला ऊर भरून येतो. भ्यालेल्या पोराला त्यातलं फक्त कोपर ऐकू येतंय. मी हे एकाला सांगून बघितलंय, ते दुसऱ्या दिवशी आलंच नाही.

घरी आल्यावर 'दुखलं का रे' विचारायचं बंद करा, आई म्हणून जड जाईल. 'आज किती वेळा पडलास' एवढंच विचारा. आणि एवढं सगळं करून दिवाळीपर्यंत त्यालाच नको वाटलं तर नको, पळू दे, कबड्डी खेळू दे.

बाबांना तेवढं महिनाभर तालमीच्या दारात उभं राहू देऊ नका. कोपऱ्यावर चहाला पाठवा.