ओपन सोर्स प्रकल्पात डेव्हलपर टिकवायचे कसे?

तुमचा प्रश्न असा, की टूल खुलं केलंय, डेव्हलपर येतात, पण टिकत नाहीत. टी-शर्ट आणि हॅकेथॉन राहू द्या बाजूला. आधी पहिल्यांदा पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवणाऱ्याला उत्तर द्या. कुणीतरी आपला रविवार खर्ची घालून केलेली पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्या, ही विनंती) तीन महिने तशीच पडून राहिली, तर तो माणूस परत फिरकत नाही. नकार द्यायचा असेल तरी लवकर द्या, कारणासकट द्या. मला तर हेच निम्मं काम वाटतं.

दुसरं म्हणजे परवाना, म्हणजे कोड कुणी कसा वापरायचा याच्या अटी. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बीएसडी हा मोकळा ओपन सोर्स परवाना सोडला आणि काही दिवसांतच तिथल्याच काही जुन्या मेंटेनरांनी (कोड सांभाळणाऱ्यांनी) लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘व्हॅल्की’ हा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा प्रकल्प, सुरू केला. मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल या ओपन सोर्स परवान्याचा पर्याय दिला खरा, पण तोवर व्हॅल्कीने स्वतःचं बस्तान बसवलं होतं. म्हणून असा मोठा बदल मनात असेल तर आधी उघड चर्चा करा, लोकांना तो बातमीतून कळू देऊ नका.

आणि हो, डॉक्युमेंटेशनमधली एखादी ओळ सुधारणाऱ्याचंही नाव रिलीज नोट्समध्ये घाला.