वांग्यातलं जनुक पोटातल्या जिवाणूत जाईल का?

प्रश्न : आमच्या म्हशींना वर्षभर सरकी ढेप असते आणि कापूस तर सगळीकडे बीटीच. दुधातून किंवा सरकीच्या तेलातून ते जनुक आमच्या अंगात उतरतं का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : रिफाइंड तेलात डीएनए जवळजवळ उरतच नाही. त्यामुळे नुसतं तेल तपासून ते बीटी (म्हणजे जिवाणूचं अळीनाशक जनुक घातलेल्या) सरकीचं आहे की साध्या, हे प्रयोगशाळेलाही सांगणं कठीण जातं. ढेपेत डीएनए असतो, पण जनावराच्या पोटात त्याचे तुकडे होतात. चाऱ्याच्या हरितलवकातल्या जनुकांचे बारीक तुकडे गाईच्या रक्तपेशींत सापडले आहेत, कारण एका वनस्पतीपेशीत त्यांच्या हजारो प्रती असतात. बीटी जनुकाच्या प्रती अगदी मोजक्या. शिवाय असा तुकडा म्हणजे काम करणारं अख्खं जनुक नव्हे. भाजी, डाळ, मटण यांतून आपण रोज ०.१ ते १ ग्रॅम डीएनए खातोच, आणि पालक खाल्ल्याने पालकाचं जनुक आपल्यात रुजत नाही. चौकशी करायची ती आतड्यातल्या जिवाणूंची, कारण बाहेरचा डीएनए उचलण्याची सोय काही जिवाणूंकडे असते.

प्रश्न : बीटी वांग्यात अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुकं होती असं वाचलं. ती आतड्यातल्या जंतूंनी घेतली तर औषधं निकामी होतील का? हा धोका तपासतात कसा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होती. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या ईई-१ या बीटी वांग्यात क्राय१एसी या अळीनाशक जनुकाबरोबर दोन मार्कर जनुकं (प्रयोगशाळेत नवं जनुक बसलेल्या पेशी निवडण्यासाठीच्या खुणा) होती. एनपीटी-२ हे कॅनामायसिन आणि निओमायसिन निष्प्रभ करतं, तर एएडी हे स्ट्रेप्टोमायसिन आणि स्पेक्टिनोमायसिन. जीईएसीने (जनुकबदल पिकं तपासणाऱ्या केंद्राच्या समितीने) ऑक्टोबर २००९ मध्ये या वांग्याला हिरवा कंदील दाखवला, केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१० मध्ये लागवड थांबवली. बांगलादेशात ते २०१४ पासून शेतात आहे.

धोका तपासताना साखळीची एकेक कडी पाहतात. आधी डीएनए पेशीतून सुटा व्हायला हवा. मग शिजवणं, जठरातलं आम्ल आणि स्वादुपिंडातून येणारी डीएनए तोडणारी विकरं यांतून जनुक अखंड वाचायला हवं. एनपीटी-२ डीएनएच्या साधारण आठशे अक्षरजोड्यांचं आहे. वांग्याच्या सव्वा अब्जाच्या आसपास अक्षरजोड्यांत घातलेला भाग काही हजारांचा, म्हणजे ग्रॅमभर डीएनएत काही मायक्रोग्रॅम. त्यानंतर जिवाणूने तो आत घ्यायला हवा आणि आपल्या गुणसूत्रात बसवायला हवा. साखळी बहुधा इथेच तुटते. तुकड्याच्या टोकांशी जुळणारी अक्षरमाला जिवाणूत आधीच असेल तरच तो सहज बसतो. ॲसिनेटोबॅक्टर या जिवाणूवरच्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसलं : मोडकं एनपीटी-२ आधीच पेशीत ठेवलं तेव्हा जिवाणूने वनस्पतीच्या डीएनएतून ते दुरुस्त करून घेतलं, जुळणी काढून घेतली तेव्हा बदल सापडला नाही.

बसल्यावरही ते चालू व्हायला हवं. एनपीटी-२ पुढे वनस्पतीसाठीचा ३५एस प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) असतो, जिवाणूत तो जेमतेम चालतो. एएडीपुढे मात्र जिवाणूचाच प्रमोटर होता. वांग्यात त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. प्लास्मिड (जनुक वाहून नेणारं जिवाणूतलं डीएनएचं छोटं वर्तुळ) बनवतानाचा तो अवशेष. धोक्याचं प्रमाण कमी असलं तरी असं जनुक अन्नपिकात राहू द्यायला नको होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेची २००३ ची मार्गदर्शक तत्त्वंही वापरातल्या अँटिबायोटिकचं प्रतिरोधक जनुक अन्नात नसावं असंच सांगतात, आणि स्ट्रेप्टोमायसिन तर क्षयरोगावरचं औषध.

शेवटची कडी निवडीच्या दबावाची. जनुक मिळालेला एखादा जिवाणू अब्जावधींत हरवून जातो. ते अँटिबायोटिक आतड्यात पोचलं तरच तो फोफावतो. स्ट्रेप्टोमायसिन सुईने देतात, त्याचा आतड्यावर दबाव थोडा. निओमायसिन तोंडाने देतात, तिथे जास्त. दुसऱ्या बाजूने हेही ध्यानात घ्या की एनपीटी-२ मुळात जिवाणूंकडूनच घेतलेलं आहे आणि माती-सांडपाण्यातल्या जंतूंत आधीपासून आहे. औषध निकामी होण्याची मोठी वाट जिवाणूकडून जिवाणूकडे जाते, आणि ती रुंद होते औषधांच्या बेसुमार वापराने.

कोणत्याही जीएम (जनुकबदल केलेल्या) पिकाची कागदपत्रं हाती आली तर आधी तीन गोष्टी शोधा : घातलेल्या भागाच्या प्रती किती, प्रत्येक जनुकापुढे कोणता प्रमोटर, आणि प्लास्मिडचा उरलेला सांगाडा आत आहे का. सांगाड्यातला प्रतिकृती-आरंभ (प्लास्मिडची नक्कल जिथून सुरू होते ती जागा) जनुकाशेजारी राहिला असेल तर तो भाग जिवाणूत स्वतंत्रपणे वाढू शकतो, म्हणजे गुणसूत्रात बसण्याची अडचणच टळते.

प्रश्न : प्रकल्पासाठी विष्ठेच्या नमुन्यांची पीसीआर (ठरावीक डीएनए वाढवून ओळखण्याची चाचणी) केली. एका नमुन्यात ३५एस आणि एनपीटी-२ दोन्ही आले. जनुकाचं स्थलांतर झालं असं लिहू का? (सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : एवढ्यावरून नको. ३५एस मूळचा फ्लॉवरवरच्या विषाणूचा आहे. रोगट कोबी-फ्लॉवर खाल्ला तरी तो येतो. एनपीटी-२ जिवाणूंत निसर्गतःच सापडतं. दोहोंच्या सांध्यावर प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे) बसवा, म्हणजे एक ३५एसमध्ये आणि दुसरा एनपीटी-२ मध्ये. सांधा आला तरी न पचलेल्या वनस्पतीपेशीचा संशय उरतोच. म्हणून कॅनामायसिनच्या माध्यमावर जिवाणू वाढवा, एकेक वसाहत वेगळी करा, पुन्हा पसरवा आणि त्या शुद्ध वसाहतीतून सांधा दाखवा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या न्यूकॅसलच्या अभ्यासाची गाडी इथेच अडली. लहान आतडं पोटावर बाहेर काढलेल्या सात जणांना जीएम सोयाबीन खाऊ घातलं होतं. तिघांच्या जिवाणूंत सोयाबीनमध्ये घातलेल्या जनुकाच्या खुणा जेवणाआधीपासूनच अत्यल्प होत्या, जेवणाने त्या वाढल्या नाहीत, आणि तो जिवाणू वेगळा काढता आला नाही. आतडं शाबूत असलेल्या बारा जणांच्या विष्ठेत जनुक सापडलंच नाही.

वसाहत मिळाली नाही तर ‘स्थलांतर होत नाही’ असंही लिहू नका. तुम्ही एक कोटी जिवाणू पसरले असतील तर अब्जात एक घडणारी गोष्ट दिसणारच नाही. किती पेशी पसरल्या तो आकडा द्या आणि ‘या मर्यादेखाली’ असं लिहा. जनुक असलेले मोजके जिवाणू मुद्दाम मिसळलेला एक नमुनाही सोबत चालवा. त्यात जनुक सापडलं नाही तर आधी पद्धत दुरुस्त करा.