पित्ताशय काढल्यानंतरही दुखते तेव्हा: पाच आठवड्यांनी पडलेल्या प्रश्नाचे उत्तर

दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढून आपल्याला पाच आठवडे झाले आहेत, घरी सोडतानाचे सर्व अहवाल समाधानकारक होते आणि टाकेही भरून आले आहेत. तरीही छातीच्या मधल्या हाडाच्या खाली एका ठिकाणी हालचाल केली की टोचल्यासारखे दुखते, जेवणानंतर पोट जड होऊन घाईने शौचाला जावे लागते, आणि ‘आत एखादा खडा राहून तर गेला नसेल ना’ या शंकेने झोप लागत नाही, असे आपण लिहिले आहे. ‘रोगाचे मूळच काढून टाकले, मग आता दुखते कसले’ हे घरच्यांचे बोलणे आपल्याला दुखण्याहून अधिक लागले असावे, असे आपल्या लिहिण्यावरून वाटले. मी चार वर्षांपूर्वी याच शस्त्रक्रियेतून गेलो आणि माझे दुखणे जवळजवळ अकरा महिने टिकले. मी डॉक्टर नाही. त्यामुळे पुढील मजकूर वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र डॉक्टरांपुढे बसल्यावर काय सांगावे आणि काय विचारावे, हे ठरवायला त्याचा उपयोग व्हावा.

त्या अकरा महिन्यांतील पहिले सहा मी स्वतःच्या चुकीने वाया घालवले. चूक इतकीच, की प्रत्येक डॉक्टरांना मी ‘पोट दुखते’ एवढेच सांगत राहिलो. प्रत्यक्षात मला तीन निरनिराळी दुखणी होती, त्यांची कारणे वेगळी होती आणि उपायही वेगळे होते. तिन्ही एकाच शब्दात कोंबल्यामुळे मला आम्लपित्ताच्या गोळ्या मिळत राहिल्या, आणि त्यांनी त्यांतील एकच दुखणे थोडे कमी झाले. म्हणून माझे पहिले सांगणे हेच, की आपले दुखणे आधी वेगवेगळे करून पाहावे.

सुरुवातीच्या दिवसांतील खांद्याचे दुखणे आपल्या बाबतीत आता मागे पडले असेल, म्हणून त्याविषयी थोडक्यात लिहितो. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, त्याने छाती आणि पोट यांच्यामधील श्वासपटल ताणले जाते व चुरचुरते. श्वासपटलाची नस मानेतील ज्या मज्जारज्जूच्या भागातून निघते, त्याच भागात खांद्याच्या त्वचेच्या संवेदनाही पोहोचतात. त्यामुळे मेंदूला ते दुखणे खांद्याचे वाटते. दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्याभरात, ते आपोआप जाते.

जखमांचे दुखणे मात्र लोक समजतात त्याहून जास्त टिकते. बाहेरून अर्धा ते एक सेंटिमीटरचे चार छेद दिसतात, पण प्रत्येक छेद त्वचा, चरबी, स्नायूंचे आवरण आणि पोटाचे आतले अस्तर यांतून आरपार गेलेला असतो. त्यांपैकी एका छेदातून, बहुधा बेंबीच्या किंवा छातीच्या हाडाखालच्या, पित्ताशय बाहेर ओढून काढतात. खडे मोठे असतील तर तो छेद ताणावा किंवा वाढवावा लागतो, आणि तीच जागा सर्वांत जास्त दिवस दुखते. त्वचा पंधरवड्यात मिटली, तरी स्नायूंचे आवरण पूर्ण बळकट व्हायला कित्येक आठवडे लागतात. साधारण चार ते सहा आठवडे जड वजन उचलू नये असे सांगतात, त्याचे कारण हेच आहे. पोट उघडून शस्त्रक्रिया झाली असेल तर हा काळ आणखी लांबतो. टाके भरले म्हणजे आपण बरे झालो, हा समज मलाही होता, आणि तिसऱ्या आठवड्यात भरलेली बादली उचलून मी त्याची किंमत मोजली.

आता आपल्या त्या एका ठिकाणच्या टोचण्याविषयी. ते दुखणे पोटाच्या भिंतीत आहे की पोटाच्या आत, हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा कार्नेट या शल्यविशारदाने 1926 साली मांडली आणि ती आजही वापरली जाते. उताणे झोपून दुखऱ्या जागेवर बोट टेकवावे आणि हातांचा आधार न घेता डोके व खांदे किंचित उचलावेत, म्हणजे पोटाचे स्नायू घट्ट होतात. घट्ट झालेले स्नायू आतल्या अवयवांना झाकतात. त्यामुळे दुखणे आतले असेल तर ते सहसा कमी जाणवते, आणि भिंतीतले असेल तर तितकेच राहते किंवा वाढते. माझ्या बाबतीत ते वाढले. ही परीक्षा डॉक्टरांकडूनच करून घ्यावी, स्वतः करून निष्कर्ष काढू नये. मात्र एवढे लक्षात ठेवावे, की कूस बदलताना, उठताना किंवा खोकताना वाढणारे, बोटाने नेमके दाखवता येणारे आणि जेवणाशी संबंध नसलेले दुखणे बहुधा भिंतीचे असते.

भिंतीतल्या दुखण्याची प्रमुख कारणे तीन असू शकतात. जखम अजून पूर्ण भरलेली नसणे हे पहिले आणि पाच आठवड्यांच्या टप्प्यावर सर्वाधिक संभवनीय कारण. दुसरे म्हणजे छेदाच्या जागी हर्निया होणे. त्यात उभे राहिल्यावर किंवा खोकल्यावर फुगवटा दिसतो. तिसरे, जे मला होते, ते म्हणजे त्वचेकडे येणारी बारीक नस वणात किंवा स्नायूंच्या आवरणात अडकणे. ही वेदना जळजळीची किंवा विजेसारखी असते, भोवतालची त्वचा बधिर किंवा उलट अति हळवी होते, आणि सदऱ्याचा स्पर्शही नकोसा वाटतो. सोनोग्राफीत काहीच दिसत नाही, त्यामुळे रुग्णाला ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवले जाते. मलाही एका ठिकाणी असेच सांगण्यात आले होते. शेवटी वेदनाशमन तज्ज्ञांनी त्या जागी बधिर करणारे औषध टोचले, दहा मिनिटांत दुखणे थांबले आणि निदान तिथेच झाले. मग काही आठवड्यांच्या अंतराने आणखी दोन इंजेक्शने घ्यावी लागली. शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे तीन महिन्यांपलीकडे गेले की त्याला दीर्घकालीन म्हणतात. आपण त्या रेषेच्या बरेच अलीकडे आहात, हे मुद्दाम सांगतो.

जेवणानंतरच्या तक्रारीची गोष्ट अगदी निराळी आहे. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. पित्ताशय ही पित्त तयार करणारी नव्हे, तर साठवणारी पिशवी. तिच्यात 30 ते 50 मिलिलिटर दाट केलेले पित्त मावते आणि स्निग्ध पदार्थ पोटात गेले की ती आकुंचन पावून ते आतड्यात सोडते. पिशवी गेली तरी पित्त तयार होतच राहते, मात्र ते पातळ स्वरूपात जवळजवळ सतत आतड्यात झिरपत राहते. त्यातील जे पित्ताम्ल लहान आतड्यात परत शोषले जात नाही, ते मोठ्या आतड्यात उतरून तेथे पाणी सोडायला लावते, आणि जेवणानंतर घाईची, पातळ, कधी पिवळसर शौचाला होते. बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हे निवळते. निवळले नाही, तर पित्ताम्लांना बांधून ठेवणारी कोलेस्टिरामिनसारखी औषधे आहेत; ती इतर औषधांचे शोषण कमी करतात, म्हणून दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे लागते. एवढे साधे औषध असूनही कित्येक जण वर्षानुवर्षे शौचालय जवळ आहे की नाही हे पाहून घराबाहेर पडतात, कारण ही तक्रार डॉक्टरांना सांगायची त्यांना लाज वाटते. कृपया लाजू नका.

आहाराविषयी आपल्याला परस्परविरोधी सल्ले मिळाले आहेत. पित्ताशय नसल्यामुळे तेल-तूप जन्मभर वर्ज्य करावे लागते, हे खरे नाही. एका वेळी पुष्कळ स्निग्ध पदार्थ खाल्ले तर पातळ पित्ताला ते एकदम पेलत नाही, म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच लहान जेवणे घ्यावीत, स्निग्धता थोडी थोडी वाढवत न्यावी आणि विरघळणारे तंतू असलेले अन्न हळूहळू वाढवावे. चहा-कॉफी, फार तिखट आणि फार गोड यांनी माझी शौचाची घाई वाढत असे. आपली वाढते की नाही, हे आपली नोंदवहीच सांगेल.

आता आपल्या मुख्य भीतीकडे येतो. ती निराधार नाही, आणि ‘उगाच घाबरू नका’ असे सांगून मी तिची बोळवण करणार नाही. पित्ताशय काढले तरी पित्तनलिका जागेवरच असते, आणि शस्त्रक्रियेपूर्वी एखादा खडा तिच्यात सरकलेला असेल तर तो काही दिवसांनी किंवा अगदी काही वर्षांनीही त्रास देऊ शकतो. अवघड शस्त्रक्रियेत सूज व चिकटलेपणा फार असेल, तर नलिकेला इजा होऊ नये म्हणून शल्यविशारद जाणूनबुजून पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवतात. तो सुज्ञ निर्णय असतो, पण त्या उरलेल्या भागात पुढे खडे होऊ शकतात. पित्त गळणे बहुधा पहिल्या आठवडा-दहा दिवसांत लक्षात येते. मुख्य नलिकेला इजा होण्याचे प्रमाण हजारात साधारण 3 ते 5 इतके सांगितले जाते, आणि तिचे आकुंचन मात्र उशिरा, काही महिन्यांनीही, उघडकीस येऊ शकते.

अशा आतल्या दुखण्याची चाल ओळखू येते. ते पोटाच्या वरच्या किंवा उजव्या भागात उठते, पाठीकडे किंवा उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाते, अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ एकसारखे टिकते आणि कूस बदलून कमी होत नाही. त्याच्या जोडीला थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणे, लघवी गडद व शौच पांढरट होणे, न थांबणाऱ्या उलट्या किंवा पोट कडक होणे यांपैकी काहीही असले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जावे. आधी कमी होत आलेले दुखणे अचानक उलट वाढू लागणे, हीही तितकीच गंभीर खूण समजावी. पायाला सूज येऊन पोटरी दुखणे, धाप लागणे किंवा छातीत दुखणे यांचा पित्ताशी संबंध नसतो, पण शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून त्यांसाठीही थांबू नये.

यांपैकी काही नसेल आणि तरी शंका छळत असेल, तर यकृताच्या कार्याची रक्ततपासणी व सोनोग्राफी ही पहिली पायरी असते, आणि त्यांत काही आढळले किंवा दुखण्याची चाल तशीच असली तर एमआरसीपी, म्हणजे एमआरआय यंत्राने पित्तनलिकांचे चित्र काढणारी तपासणी. ईआरसीपीची, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण पित्तनलिकेच्या तोंडापर्यंत नेण्याची, घाई मात्र करू नये, कारण तिच्यामुळे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो आणि म्हणून ती निदानापेक्षा उपचारासाठी वापरतात. पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेली झडप नीट उघडत नाही, असे निदान करून तिला छेद देण्याचा उपाय पूर्वी बऱ्याच जणांना सुचवला जाई. पित्ताशय काढल्यानंतर दुखणाऱ्या, परंतु तपासण्यांत विशेष दोष न आढळलेल्या 214 रुग्णांवरील अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले. त्यात झडपेला छेद दिलेल्यांपैकी 23 टक्क्यांना, तर छेद दिल्याचा केवळ आभास केलेल्यांपैकी 37 टक्क्यांना आराम पडला. कोणी हा उपाय सुचवला, तर आपल्या तपासण्यांत नेमका कोणता दोष दिसला आहे, हे अवश्य विचारावे. कोडीनसारखी अफूवर्गीय वेदनाशामके याच झडपेचा पेटका वाढवू शकतात, हेही ध्यानात असू द्यावे.

एक प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा, आणि तो मला फार उशिरा सुचला: आत्ताचे दुखणे शस्त्रक्रियेपूर्वीच्या दुखण्यासारखेच आहे का? हुबेहूब तसेच असेल, तर दोन शक्यता उरतात. एक तर नलिकेत खडा आहे, किंवा मूळ दुखणे खड्यांचे नव्हतेच. पुष्कळ लोकांच्या पित्ताशयात खडे असतात आणि ते कधीच त्रास देत नाहीत. अशा माणसाला आम्लपित्त, जठरातील व्रण किंवा संवेदनशील आतड्याचा विकार असेल, तर पित्ताशय गेल्यावरही तो त्रास तसाच राहतो. यात शल्यविशारदांची चूक असेलच असे नाही, पण पुढील तपासाची दिशा मात्र बदलते. माझे छातीखालचे जळजळणे याच प्रकारचे निघाले.

पुढच्या भेटीपूर्वी शस्त्रक्रियेच्या सविस्तर नोंदीची प्रत मागून घ्यावी. घरी सोडतानाच्या कागदात तिचा केवळ सारांश असतो. पित्ताशय पूर्ण काढले की काही भाग ठेवला, हे तिच्यात लिहिलेले असते. काढलेल्या पित्ताशयाच्या पेशीतपासणीचा अहवालही पाहून ठेवावा. तो कित्येकदा घरी सोडल्यानंतर येतो आणि कपाटात पडून राहतो. त्याबरोबर दोन आठवड्यांची नोंद न्यावी: दुखणे कधी उठले, किती वेळ टिकले, जेवणानंतर किती वेळाने आले, हालचालीने वाढले का, शौच कशी झाली. माझ्या नोंदवहीचे एक पान पाहून तज्ज्ञांनी पाच मिनिटांत जे ओळखले, ते सहा महिने तोंडी सांगून कोणाला कळले नव्हते.

तोपर्यंतच्या दिवसांसाठी थोडेसे. वेदनाशामक दुखणे शिगेला पोहोचल्यावर घेण्यापेक्षा ठरावीक वेळेला घेतलेले बरे. पॅरासिटामॉलची प्रौढांसाठीची कमाल मर्यादा 24 तासांत 4 ग्रॅम असते आणि कमी वजन किंवा यकृताचा आजार असल्यास त्याहून कमी, म्हणून आपली मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. सर्दी-तापाच्या मिश्रणांतही तेच औषध असते, तेही त्यात मोजावे. उठताना सरळ न उठता आधी कुशीवर वळून हाताच्या रेट्याने उठावे, आणि खोकला येताच पोटावर उशी दाबून धरावी. चालणे रोज थोडे वाढवावे, पण दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले तर एक पायरी मागे यावे. दुखऱ्या जागेला जपत वाकून चालायची सवय मला लागली होती आणि तिने पाठीचे एक नवेच दुखणे दिले.

आपल्या वर्णनावरून हालचालीने वाढणारे ते टोचणे भिंतीचे आणि शौचाची घाई पित्ताम्लांची वाटते, म्हणजे या टप्प्यावर दोन्ही अपेक्षित आहेत; पण पाहिल्याशिवाय कोणालाही खात्री देता येणार नाही, म्हणून सहाव्या आठवड्याची ठरलेली भेट चुकवू नये. घरच्यांपैकी एकाला त्या भेटीला सोबत न्यावे. ‘मग आता दुखते कसले’ याचे उत्तर माझ्या घरच्यांना मी देऊन पटले नाही, डॉक्टरांनी कागदावर चार छेद काढून दाखवल्यावर पटले.